छत मालकाचे, ऊन बिऱ्हाडकरूचे

ऐन मे महिन्यात, दुपारी तीनच्या सुमारास, वऱ्हाडातील कोणत्याही गावी भाड्याच्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर अर्धा तास बसण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना आमच्या आजच्या लेखनाचे प्रयोजन निराळे समजावून सांगावयास नको. पंखा वरची तापलेली हवा खाली ढकलीत असतो. खिडकीतल्या कूलरची टाकी रिकामी झालेली असते आणि ती भरावी, तर नळाला उकळते पाणी! सूर्य मावळतो, पण दिवसभर ऊन पिऊन बसलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ते खोलीत ओतीत राहतो. महिनाअखेर विजेचे बिल हातात पडते, ते बिऱ्हाडकरूच्या. ज्या छताने हा सारा उपद्व्याप केला, ते छत मात्र मालकाचे.

अमरावतीहून नागपूरच्या वाटेला लागले, की नांदगाव पेठ आणि मोझरी ओलांडल्यावर तिवसा येते. तालुक्याचे गाव, कारभार नगरपंचायतीचा. शिक्षक, बँकेतील नोकरदार, तहसील कचेरीतील कारकून, दवाखान्यातील परिचारिका अशी बदलीची माणसे तेथे भाड्याने राहावयाची. त्यांच्यासाठी तीन-चार बिऱ्हाडांच्या इमारती उभ्या राहतात. चार इंची भिंती, उघडा स्लॅब आणि वर काळी टाकी हे त्यांचे ठरलेले रूप. ही अवस्था एकट्या तिवशाची नाही, अकोल्यापासून वरुडापर्यंत सर्वत्र तीच आहे. परंतु नांदगाव पेठेच्या परिसरात व्हावयाच्या मोठ्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. ते उभे राहील तसतशी ह्या रस्त्यावर भाड्याच्या खोल्यांना मागणी वाढल्यावाचून राहणार नाही, आणि आज घाईने बांधलेली इमारत पुढची पन्नास वर्षे माणसांना भाजीत राहील. म्हणून हा विषय आजच बोलण्याचा आहे.

आमचे पूर्वज धाब्याच्या घरांत राहत. मातीच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचे छत, यांमुळे बाहेरचे ऊन आत यावयास संध्याकाळ उजाडे. ह्या घरांचे गोडवे गाणाऱ्यांनी दर पावसाळ्यापूर्वी त्यांवर माती चढविली आहे काय, हे आम्हांला ठाऊक नाही. ती गळत, हेही खरे. तेव्हा त्या घरांकडे परत चला, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या घरात राहणारा आणि त्या घराचा मालक बहुधा एकच असे, म्हणून माती चढविण्याचे कष्ट ज्याचे, गारवाही त्याचाच. भाड्याच्या इमारतीत नेमकी हीच सांगड तुटली आहे. मालकाने गच्चीला पांढरा रंग दिला, तर खर्च त्याचा आणि सुख बिऱ्हाडकरूचे. बिऱ्हाडकरूने तो द्यावा, तर अकरा महिन्यांनी सोडावयाच्या घरावर पैसा कोण घालील? दोघेही आपापल्या हिशेबाने शहाणे. आणि दोघांच्या शहाणपणातून जे निपजते, ते वेडेपणाचे.

मालकाचा हिशेब तरी खरोखर बरोबर आहे काय? वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड उन्हाला कंटाळून निघून गेले आणि खोल्या एक महिना रिकाम्या राहिल्या, की वर्षाच्या भाड्याचा बारावा हिस्सा बुडाला. म्हणजे शेकडा आठांहून अधिक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मालकाला दरवर्षी शेकडा चार वाढ मान्य केली आहे. दोन वर्षांची वाढ अशी एका रिकाम्या महिन्यात वाहून जाते! शिवाय दिवसा तापून रात्री आखडणाऱ्या स्लॅबला भेगा पडतात, पावसाळ्यात तो गळू लागतो, आणि ती दुरुस्ती पुन्हा मालकाच्याच माथी. ह्या सर्वांवर पहिला उपाय अगदी साधा आहे. चुन्याची पांढरी गच्ची उन्हाचा मोठा भाग आल्या पावली परत पाठविते आणि खालची खोली दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. अहमदाबादने २०१३ साली उष्म्याशी लढण्याचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरणच जाहीर केले. वऱ्हाडाचे ऊन ह्या दोहोंपेक्षा सौम्य आहे, असे कोणी म्हणणार नाही.

पंख्याचीही तीच कथा. जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो, नव्या बनावटीचा बीएलडीसी पंखा तीसेक वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. दिवसाचे बारा तास धरले, तर पंख्यामागे अर्धा युनिट वाचला. पण पंखा बसविणारा मालक दुकानातला सर्वांत स्वस्त पंखा उचलतो, कारण त्याचे बिल त्याला भरावयाचे नसते.

आता कायद्याकडे वळू. कारण आमच्या मते खरी मेख तेथेच आहे. विदर्भात घरभाड्याचा कारभार १९४९ च्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या भाडे नियंत्रण आदेशाने चाले. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि सबंध राज्याला एकच कायदा आला. ह्या कायद्याच्या अकराव्या कलमात, शेकडा सत्तर भाडेकरूंच्या लेखी संमतीने मालकाने इमारतीत सुधारणा केल्यास, त्या खर्चाच्या प्रमाणात भाडे वाढविण्याची मुभा आहे. जर्मनीतही घर ऊर्जेच्या दृष्टीने सुधारले, तर खर्चाचे शेकडा आठ दरसाल भाड्यात मिळविता येतात. इंग्लंडमध्ये २०१८ पासून ऊर्जेच्या प्रतवारीत फार खाली असलेले घर नव्याने भाड्याने देण्यास, काही अपवाद सोडल्यास, बंदीच आहे. आपल्या कायद्यातील सोय कागदावर पडून आहे, कारण आपल्याकडचे बहुतेक व्यवहार 'लीव्ह अँड लायसन्स'च्या अकरा महिन्यांच्या करारावर चालतात. आणि हे अकरा महिने तरी का? वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही, ह्या जुन्या समजुतीने! महाराष्ट्रात त्याच कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाने असा प्रत्येक करार लेखी करून नोंदविणे आवश्यक ठरविले आहे आणि ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. म्हणजे अकरा महिन्यांचा लाभ पंचवीस वर्षांपूर्वीच संपला, सवय तेवढी राहिली. करार तीन वर्षांचा करावा, त्यात गच्ची, पंखे आणि पाणी यांचे कलम घालावे आणि सुधारणेचा खर्च त्या छत्तीस महिन्यांवर भाड्यात वाटून घ्यावा. बिऱ्हाडकरूच्या बिलात जेवढी बचत होते, तिच्यापेक्षा भाड्यातील वाढ कमी राहिली, म्हणजे उभयतांचे साधले. बदलीची नोकरी असेल, त्याच्यासाठी दोन महिन्यांच्या सूचनेचे कलम लिहिता येते. त्याकरिता सारा करार अकरा महिन्यांत कोंबण्याचे कारण नाही.

सूर्यापासून विजेचा प्रश्न थोडा अवघड आहे. नांदगाव पेठेला साडेतेराशे मेगावॅटचे कोळशाचे वीजकेंद्र आहे आणि त्याच रस्त्यावरच्या गच्च्या रिकाम्या तापत आहेत, ह्या विसंगतीकडे आमच्या वाचकांचे लक्ष गेलेच असेल. तीन किलोवॅटच्या संचाला सुमारे तीनशे चौरस फूट जागा लागते. तो दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज देतो आणि आपल्याखालच्या स्लॅबवर सावलीही धरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या सूर्यघर योजनेत एवढ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरले. पण योजनेच्या डोळ्यांपुढे आहे तो स्वतःच्या छताखाली राहणारा घरधनी. चार बिऱ्हाडांचे चार मीटर आणि छत पाचव्याचे, अशा इमारतीत पंप व जिन्यातील दिवे यांच्या पलीकडे त्या विजेचा मेळ बसणे कठीण. एका छतावरची वीज अनेक मीटरांत वाटून घेण्याची वाट दिल्लीच्या नियामक आयोगाने २०१९ मध्ये मोकळी केली. तालुक्याच्या गावातील छोट्या भाड्याच्या इमारतीला ही सोय एका अर्जासरशी आणि चकरा न मारता मिळाली पाहिजे, अशी आमची महावितरणकडे मागणी आहे.

पाण्याचा हिशेब तर शाळकरी मुलानेही करावा. हजार-अकराशे चौरस फुटांची गच्ची आणि वर्षाला आठशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे सुमारे ऐंशी हजार लिटर. पाव हिस्सा वाया गेला, तरी पाच हजार लिटरचे बारा टँकर उरतात. ते साठविण्याएवढी टाकी कोणीच बांधणार नाही. पहिला पाऊस सोडून देऊन बाकीचे पाणी गाळून बोअरपाशी जिरवावे, एवढेच. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत पर्जन्यजलसंचय आहे. पण तो ठरावीक क्षेत्रफळापुढच्या भूखंडांना. तिवशाचे बहुसंख्य भूखंड त्या मापाखाली सुखाने निजले आहेत.

येथे नगरपंचायतीला करण्यासारखे बरेच आहे. घरपट्टी करयोग्य मूल्यावर आकारली जाते, तेव्हा ते मूल्य इमारतीला मिळू शकणाऱ्या भाड्यावरून काढतात. अशा हिशेबात इमारत सुधारून चार पैसे अधिक भाडे घेणाऱ्या मालकालाच अधिक पट्टी भरावी लागावी आणि भट्टीसारख्या खोल्या भाड्याने देणारा स्वस्तात सुटावा, हा न्याय उफराटा होय. पांढरी गच्ची आणि जिरविलेले पाणी ज्या इमारतीत प्रत्यक्ष पाहून नोंदले जाईल, तिला पट्टीत काही वर्षे सूट देण्याचा ठराव नगरपंचायतीने करून शासनाकडे धाडावा. ह्यात तिजोरीचे जे थोडे जाईल, ते उन्हाळ्यातील टँकरांच्या खर्चाशेजारी मांडून पाहावे.

भाड्याचे नवे करार बहुधा जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या सुमारास होतात. गच्चीला चुना कोणी द्यावयाचा, हे त्याच वेळी कागदावर यावे आणि मुदत होळीची लिहावी. मे महिन्यात तापल्या स्लॅबवर ब्रश घेऊन चढावयास माणूस मिळत नाही.