काटा थांबण्याची वाट पाहू नका

विद्यार्थी मित्रांनो, बाजारात 'काटा मारणे' म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण शाळेच्या प्रयोगशाळेतही काटा मारला जातो, बरे का! तो मारणारा दुकानदार नव्हे, घर्षण असते.

काचेच्या पेटीतली दोन पारड्यांची तुला आठवा. तिची दांडी मधोमध एका तीक्ष्ण धारेवर टेकते. चांगल्या तुलेत ही धार आणि तिची बैठक अकीक दगडाची असते. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्या दख्खनी लाव्हाची, त्या लाव्हाच्या पोकळ्यांतही सिलिका साचून अकीक तयार झालेला आढळतो. तो कठीण असतो आणि गंजत नाही. मुंबईच्या पावसाळी हवेत हा केवढा गुण!

धारेवर घर्षण असतेच. पण धार जितकी बारीक, तितकी त्या घर्षणाची भुजा आखूड. पारड्यातल्या वजनाला मात्र दांडीची लांब भुजा मिळते. म्हणूनच चांगल्या तुलेत एक मिलिग्रॅमनेही काटा सरकतो.

धार बोथट झाली की काटा चटकन थांबतो. आपल्याला वाटते, काम सोपे झाले. खरे तर घर्षणाने त्याला भलतीकडेच धरून ठेवलेले असते! म्हणून काटा झुलत असतानाच वाचन घ्या. समजा, तो डावीकडे ४, उजवीकडे १५ आणि पुन्हा डावीकडे ६ वर वळला. ४ व ६ यांची सरासरी ५. ५ व १५ यांची सरासरी १०. काट्याची खरी जागा ही.

आज पुष्कळ ठिकाणी इलेक्ट्रॉनिक तराजू आले आहेत. ते जरूर वापरावेत. पण बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की निदान एक जुनी तुला भंगारात घालू नका. झळकणाऱ्या आकड्यामागची चूक मुलांना दिसत नाही. तुलेत ती दिसते. वस्तू आणि वजने यांची पारडी बदलली, की दोन भुजांतला फरकही उघड होतो.

मुलांनो, वजने ठेवता-काढताना दांडी खाली उतरवा, म्हणजे धार टिकेल. पुढच्या तासाला एकच नाणे पाच वेळा तोला. पाचही वाचने वेगळी आली, तरी पाचही वहीत लिहा. ती जुळवण्यासाठी एखादा आकडा बदललात, तर काटा तुम्हीच मारलात!