कॅन्सरनंतरची प्लास्टिक सर्जरी 'कॉस्मेटिक' म्हणून विमा कंपनी नाकारू शकते का?

तोंडाच्या कॅन्सरमध्ये अनेकदा गाठीसोबत जबड्याचं हाडही काढावं लागतं. चेहऱ्याची एक बाजू आत बसते, घास चावता येत नाही, बोलणं अस्पष्ट होतं. अशा वेळी सर्जन पायातल्या फिब्युला हाडाचा तुकडा रक्तवाहिन्यांसह काढून त्यातून जबडा घडवतात.

मग ही सर्जरी फक्त दिसण्यासाठी आहे का? नियम तसं मानत नाही.

विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये आरोग्य विम्यात काय वगळता येईल, याची भाषा ठरवून दिली. तुमच्या पॉलिसीत 'एक्सक्ल०८' हा कोड शोधा. कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळणार नाही, असं तिथे लिहिलेलं असतं. पण त्याच वाक्यात सूटही आहे: अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना. स्तन काढल्यानंतरची पुनर्रचनाही यातच येते.

अर्थात, प्रतीक्षा काळ आणि विम्याची रक्कम यांसारख्या अटी लागू राहतातच.

त्यामुळे डॉक्टरांच्या पत्रात 'कॅन्सर उपचारानंतरची पुनर्रचना' असा स्पष्ट उल्लेख करून घ्या. क्लेम नाकारला, तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीकडेच तक्रार करा. तिथे दाद मिळाली नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे तक्रारीला फी लागत नाही.