चौकटीत अडकलेला राम

१/ ‘मॅजिक: द गॅदरिंग’ (१९९३) या पत्तेखेळात ‘उड्डाण’ हा एकच शब्द प्राण्याचे सामर्थ्य ठरवतो: त्याला सहसा उडणाराच अडवू शकतो. तो खेळणाऱ्या बोरीवलीच्या मुलाला हे तोंडपाठ असते.

२/ सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची पाने १२०, अवतार १०. तेथे सामर्थ्य छापलेले नसते, खेळणाऱ्याच्या स्मरणात असते. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती, पहिली उतारी त्याची. रात्री तोच मान कृष्णाचा.

३/ त्याच मुलाच्या दिवाणखान्यात हा राम काचेआड टांगला जातो आणि त्यास वारसाजतन म्हटले जाते. ही निव्वळ आत्मवंचना होय. नियम हरवलेले पान म्हणजे गोल चित्र. अभिमान मिरवणाऱ्यांनी आधी डाव मांडावा.