झेंडूचा जन्मदाखला

दरवर्षी दसरा जवळ आला की एक विधान समाजमाध्यमांवर फिरू लागते: झेंडू हे वेदकाळापासूनचे भारतीय फूल आहे. पौराणिक मालिकांतील स्वयंवराचे मंडपही झेंडूनेच सजलेले असतात. हे विधान निखालस चूक आहे. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. १४९२ पूर्वी तो अटलांटिकच्या अलीकडे कोठेही नव्हता. सोळाव्या शतकापासून स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांच्या मार्गांनी तो जगभर पसरला.

या दाव्याचे समर्थक ‘स्थूलपुष्प’ हे संस्कृत नाव हुकमी एक्क्यासारखे पुढे टाकतात. पण संस्कृतात नव्या वस्तूंना नावे देणे कधी थांबलेच नव्हते. तंबाखूलाही ‘ताम्रकूट’ हे भारदस्त संस्कृत नाव आहे. म्हणून ऋषी तंबाखू मळत होते, असे कोणी म्हणत नाही. प्राचीन काव्यात पिवळी फुले आहेतच. ती वेगळी आहेत. कुमारसंभवातील कर्णिकाराला कालिदासाने रंग दिला, पण गंध नाकारला. कर्णिकार म्हणजे बहावा की मुचकुंदाच्या कुळातला कनकचंपा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. झेंडू मात्र तो असूच शकत नाही. ज्याने झेंडूचे तोरण ओवले आहे, त्याला त्याच्या हातांचा वास तसे म्हणू देणार नाही.

अधिक घोटाळा इंग्रजी नावाने केला. ‘मॅरिगोल्ड’ हे नाव अमेरिकेचा शोध लागण्यापूर्वीचे, आणि ते कॅलेंडुला या भूमध्यसागरी फुलाचे. त्याच्या ‘गोल्ड’ या जुन्या नावाला मेरीमातेचे नाव जोडले गेले. पुढे मेक्सिकोचा पाहुणा आला आणि रंगसाम्यामुळे तेच नाव त्यालाही चिकटले. त्यामुळे जुन्या युरोपीय मजकुरात ‘मॅरिगोल्ड’ दिसला की तेथे ‘झेंडू’ लिहिणारा अनुवादक नकळत शेकडो वर्षांची उडी मारतो. बागेत मात्र दोघांची ओळख सोपी आहे. झेंडूचे पान पिसासारखे कातरलेले असते आणि चुरगळताच उग्र दरवळते. बी म्हणजे सरळ काळी काडी. कॅलेंडुलाचे पान अखंड, किंचित चिकट. बी चंद्रकोरीसारखे वाकडे.

बरे, ‘आफ्रिकन मॅरिगोल्ड’ आफ्रिकेचा नाही आणि ‘फ्रेंच मॅरिगोल्ड’ फ्रान्सचा नाही. सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३५ मध्ये ट्युनिस जिंकले, तेव्हा हे फूल तेथून युरोपात आले, अशी कथा जुन्या वनस्पतिग्रंथांत रूढ झाली आणि तिच्यासोबत आफ्रिकेचे नावही. लेओनहार्ट फुक्सने तर १५४२ च्या ग्रंथात त्याला ‘इंडिका’ म्हटले. त्या शब्दाच्या आधारे कोणी उद्या झेंडूला पुन्हा भारतीय ठरवील, म्हणून सांगितलेले बरे: त्या काळच्या युरोपात ‘इंडिया’ या शब्दात अमेरिकाही बसत असे.

ज्यांनी हे फूल प्रथम लावले, त्यांचे नाव मात्र या वादात कोणी उच्चारत नाही. अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत ते ‘सेम्पोआल्शोचित्ल’, म्हणजे ‘वीस-फूल’. त्यांची मोजणी विसांची होती. वीस म्हणजे पुष्कळ, भरगच्च. आपल्याकडे कोडीने मोजणाऱ्या पिढ्यांना हा हिशेब लगेच कळला असता. हिंदीत याच भरगच्च पाकळ्यांना पाहून कोणी ‘हजारा’ म्हटले, कोकणात कोणाला त्यात गोंडा दिसला. ही नावे पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा इतिहास सांगतात, रोपाच्या जन्मगावाचा नव्हे. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हीदेखील अमेरिकेचीच. कण्हेरीचे नाव तिला उसने मिळाले.

आता दुसरी बाजू. झेंडू परदेशी ठरताच काही उत्साही मंडळी त्याला तोरणातून हाकलायला निघतात. ही चूक पहिलीइतकीच आळशी आहे. मेक्सिकोत मृतांच्या स्मरणाचे झालेले फूल इकडे शस्त्रपूजेचे आणि उंबरठ्याचे झाले. हे इथल्या शेतकऱ्यांनी आणि घराघरांतल्या हातांनी घडवले. त्याला कित्येक पिढ्या लागल्या. आणि शुद्धीकरणच करायचे असेल, तर आरंभ उपवासाच्या खिचडीपासून करावा. साबुदाणा ज्या कंदाचा, तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, चारही अमेरिकेतून आलेले. पातेल्यात उरेल ते तूप, जिरे आणि मीठ.