शिंगाचं बूड पाहा

तेंदूचा हंगाम तोंडावर आला आहे. पेंच आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या भोवतालच्या गावांतून पहाटे पानं तोडायला निघालेल्यांना सांबराची गळलेली शिंगं सापडतात ती याच दिवसांत. ती घरी येतात, माळ्यावर पडून राहतात. आजी सहाणेवर सांबरशिंग उगाळून छातीला लेप लावायची, हे आपल्यापैकी कित्येकांनी पाहिलं आहे. म्हणूनच ‘पडलेलं शिंग, त्यात कसली शिकार?’ असं आपलेच वनरक्षकही सहज बोलून जातात.

मुळात पडलेलं शिंगही कुणी उचलून न्यावं असं नाही. १९२७चा भारतीय वन अधिनियम जंगलात सापडलेल्या शिंगाला वनउपजच मानतो. आणि ते ‘पडलेलं’ आहे, हे तरी समोरच्याच्या शब्दावर का मानायचं? शिंग हातात घ्या, बूड पाहा. आपोआप गळलेल्या शिंगाचं बूड खडबडीत, दाणेदार, जरासं फुगीर असतं. रानात काही दिवस पडून राहिलं असेल तर सायाळीने कुरतडल्याच्या खाचाही दिसतात. पण बुडाला कवटीचं हाड चिकटलेलं असेल, तर ते मेलेल्या जनावराच्या डोक्यावरूनच काढलेलं आहे. ते जनावर कशाने मेलं, याचा तपास तिथून सुरू व्हायला हवा. पंचनाम्यात मात्र ‘सांबरशिंग, नग एक’ एवढंच लिहिलं जातं. बुडाचा जवळून घेतलेला फोटो आणि दोन ओळींचं वर्णन, एवढ्याने प्रकरण उभं राहू शकतं.

दुसरा गैरसमज बंदुकीचा. साहेबांच्या काळातल्या, बंगल्याच्या भिंतीवर सांबराचं डोकं टांगणाऱ्या शिकारीचं चित्र अजून आपल्या डोक्यातून गेलेलं नाही. आजचा शिकारी क्लच वायरचा फासा घेऊन येतो, नाहीतर विजेच्या लाइनवर आकडा टाकून पाणवठ्याच्या वाटेवर करंट सोडतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम २(१६)मध्ये फासा लावणं, विष घालणं आणि तसा प्रयत्न करणं, सगळ्यालाच शिकार म्हटलं आहे. म्हणजे रिकामा फासासुद्धा पीओआर (प्राथमिक गुन्हा अहवाल) फाडण्याजोगा गुन्हा आहे. तो नुसता गुंडाळून खिशात घालू नका. ‘डुकरासाठी लावला होता’ या सबबीनेही सुटका होत नाही, कारण रानडुकरालाही कायद्याचं संरक्षण आहे. पिकाच्या नुकसानीचं दुःख खरं आहे, आणि त्या शेतकऱ्याला भरपाईचा अर्ज भरून देणं हेही आपलंच काम आहे.

‘एक सांबर गेलं तर काय?’ हे वाक्य आम्हाला सर्वांत जास्त लागतं. सांबराची मादी सुमारे आठ महिने गाभण राहते आणि बहुधा एकच पिल्लू देते. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या पुढे जातो, वाघाला कित्येक दिवस पुरतो. तो फाशात गेला की वाघ गावाच्या गुरांकडे वळतो, आणि मग रात्री-अपरात्री फोन येतात ते बीटवरच्याच माणसाला.

या महिन्यात तेंदूपानांच्या फडावर जाल तेव्हा पुडकी मोजून होईपर्यंत थांबा. धाक दाखवू नका. शिंग दिसलं तर हात न लावता जागा सांगा, एवढंच फडमुंशीला आणि तोडणाऱ्या बायांना समजावून सांगा. रानाच्या कोणत्या कोपऱ्यात काय पडलं आहे, हे त्यांना आपल्याआधी दिसतं.