गिझरची सुरक्षा : कायद्याची हमी कारखान्यापुरती, धोका भिंतीवर

नवी दिल्ली : थंडीची चाहूल लागताच गिझरची खरेदी वाढते. क्षमता, वॉट आणि वीजबचतीचे तारांकन पाहून निवड होते. टाकीचा स्फोट रोखणाऱ्या प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हची चौकशी मात्र क्वचितच होते.

पाणी २५ वरून ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापताना त्याचे आकारमान सुमारे अडीच टक्क्यांनी वाढते. प्रवेशनळीवरील एकदिशा व्हॉल्व्हमुळे हे वाढीव पाणी मागे जाऊ शकत नाही आणि बंद टाकीतील दाब झपाट्याने चढतो. निर्धारित मर्यादा, अनेक घरगुती गिझरमध्ये ८ बार, ओलांडताच रिलीफ व्हॉल्व्ह उघडून थोडे पाणी बाहेर सोडतो. पाणी तापत असताना पडणारे हे थेंब सहसा बिघाडाचे लक्षण नसते. गळती समजून त्या तोंडाला बूच लावणे मात्र जीवघेणे ठरू शकते.

थर्मोस्टॅट आणि थर्मल कटआउट दोन्ही निकामी झाल्यास धोका वेगळ्याच पातळीवर जातो. दाबाखालील पाणी १०० अंशांच्या वरही द्रवरूपच राहते. टाकी फुटताच त्यातील काही भागाची क्षणार्धात वाफ होते आणि ती मूळ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा व्यापते.

संसदेने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या बॉयलर कायद्यातून २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची, तसेच १०० अंशांपेक्षा कमी तापमानाला पाणी तापवणारी पात्रे वगळण्यात आली आहेत. घरोघरी बॉयलर निरीक्षक पाठवणे व्यवहार्य नाही, हे खरे. परंतु नियंत्रक यंत्रणा बिघडली की हाच गिझर प्रत्यक्षात बॉयलर बनतो. साठवण गिझरसाठी ‘आयएस २०८२’ हे भारतीय मानक आहे आणि त्यावरील आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. तथापि, हे चिन्ह निर्मितीची ग्वाही देते, जोडणीची नव्हे.

उंच इमारतींत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. पाण्याच्या स्तंभाची दर १० मीटर उंची सुमारे १ बार दाब वाढवते. त्यामुळे गच्चीवरील टाकीचा थेट पुरवठा घेणाऱ्या खालच्या मजल्यांवर गिझरच्या क्षमतेइतका दाब आधीच असू शकतो. तेथे दाब कमी करणारा स्वतंत्र व्हॉल्व्ह आवश्यक ठरतो.

जड पाण्याच्या भागांत क्षार साचून व्हॉल्व्ह जाम होतो. म्हणूनच वार्षिक देखभालीत त्याची तपासणी, निचरा नळी मोकळी ठेवणे आणि बिघडलेल्या व्हॉल्व्हच्या जागी त्याच दाबक्षमतेचा नवा बसवणे अपरिहार्य आहे.