घरातल्या सगळ्या गोळ्या एकदा एका पिशवीत घाला

ज्यांच्या घरात बीपीची, रक्त पातळ करायची किंवा हृदयाची गोळी रोज घेतली जाते, अशा सर्व नागरिकांना एका औषधविक्रेत्याचं हे आवाहन.

या आठवड्यात थोडा वेळ काढा आणि घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला. नुसत्या हृदयाच्या नव्हेत. फ्रिजवरच्या डब्यातली गुडघेदुखीची, उशाखालची ॲसिडिटीची, मुलीने पाठवलेली व्हिटॅमिनची बाटली, वैद्यांचं चूर्ण, काढ्याची पुडी, सगळं. ती पिशवी तुमच्या डॉक्टरांसमोर किंवा नेहमीच्या मेडिकलमधल्या फार्मासिस्टसमोर ओता. दुपारी दोन ते चार आमच्याकडे गर्दी नसते, तेव्हा आलात तर निवांत बघता येईल. फाईलही आणा, पण एकट्या फाईलवर विसंबू नका. काउंटरवरून आपणहून घेतलेली गोळी तिच्यात कुठेच लिहिलेली नसते.

हे कशासाठी? समजा, एका काकांना रॅमिप्रिल सुरू झालं. औषध चांगलं आहे. बीपी उतरवतं, कमजोर हृदयावरचा ताण हलका करतं. पण काही जणांना त्याने कोरडा खोकला लागतो. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात खवखव आणि रात्री ढास. गोळी सुरू होऊन कधी आठवडे, कधी महिने झालेले असतात, त्यामुळे तिच्यावर कुणाचा संशय जात नाही. मग दुकानात सिरप मागितलं जातं. सर्दी-खोकल्याच्या कित्येक औषधांत नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन असतं, ते रक्तवाहिन्या आकसवतं आणि बीपी चढवू शकतं. सिरपने भागत नाही म्हणून ज्येष्ठमधाचा काढा सुरू होतो. ज्येष्ठमधाची काडी कधीतरी चघळली तर बिघडत नाही. रोज, आठवडेच्या आठवडे घेतलं तर मात्र ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, बीपी वाढवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. काका लघवीची गोळी किंवा डिजॉक्सिन घेत असतील, तर घटलेलं पोटॅशियम ठोके बिघडवायला पुरेसं होतं. तपासणीत बीपी जास्त दिसतं, डोस वाढतो. खोकला होता तिथेच. ‘गोळी सुरू झाल्यापासून खोकला आहे’ एवढं वाक्य डॉक्टरांच्या कानावर गेलं असतं, तर टेल्मीसार्टनसारखी गोळी देता आली असती. तिने हा खोकला सहसा लागत नाही. (रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिलने ओठ, जीभ, चेहरा सुजला तर मात्र पुढची गोळी न घेता तडक दवाखाना गाठायचा.)

ॲम्लोडिपिनने घोट्याला येणाऱ्या सुजेचंही असंच होतं. सूज दिसली की शेजारी लघवीची गोळी सुचवतात. या सुजेला तिचा फारसा उपयोग नाही.

मला विचाराल, तर आपल्याकडची खरी गोम गुडघ्यात आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या गोळ्या आपण बडीशेपेसारख्या खातो. त्या अंगात पाणी धरतात, बीपी वाढवतात आणि हृदय कमजोर असेल तर दम लागायला कारण होतात. रॅमिप्रिल किंवा टेल्मीसार्टन, जोडीला लघवीची गोळी आणि वर ही वेदनाशामक अशी तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडावर घाला पडू शकतो, उन्हाळ्यात किंवा जुलाब झालेले असताना तर जास्तच. ॲस्पिरिनच्या आधी आयबुप्रोफेन पोटात गेलं तर ॲस्पिरिनचं रक्त गोठू न देण्याचं काम अडतं. रक्त पातळ करायच्या कुठल्याही गोळीबरोबर वेदनाशामक घेतली की पोटात रक्तस्राव होण्याची भीती असतेच. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर थांबू नका. दुखण्यावर पॅरासिटामॉल बरं, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत. माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे: ‘हृदयाची गोळी चालू आहे का?’ हे विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी काउंटरवर ठेवू नका.

स्टेंट बसवलेल्यांनी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये. दाढ काढायची आहे, जखम झाली, उपवास आहे, गोळ्या संपल्या, कारण काहीही असो, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. मुदतीआधी थांबवलं तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. ॲसिडिटीच्या गोळ्यांपैकी ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतात. पँटोप्राझोलचा तसा त्रास फारसा नाही. ही नावं ऐकायला सारखी, म्हणून पाकीट वाचा.

झडपेच्या रुग्णांचं प्रकरण आणखी नाजूक. ॲसिनोकुमारॉल किंवा वॉरफॅरिन घेणाऱ्यांना आयएनआर तपासणी चुकवून चालत नाही. पालक, मेथी, शेपू सोडायची गरज नाही; दर आठवड्याला साधारण तेवढीच खा. श्रावणात रोज पालेभाजी आणि एरवी महिनाभर नाही, असं नको. जुलाबावर लोक सर्रास मेट्रोनिडॅझोल मागतात. ते या गोळ्यांची ताकद वाढवतं आणि आठवड्याभरात हिरड्यांतून, लघवीतून रक्त दिसू शकतं. कंबरेत इंजेक्शन घ्यायच्या आधीही रक्त पातळ करायची गोळी चालू असल्याचं सांगा, नाहीतर स्नायूत रक्त साकळतं. रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही हे खरं, पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत, म्हणून परस्पर अदलाबदल नको. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या बायकांनी यातली कोणतीही गोळी, तसंच रॅमिप्रिल, टेल्मीसार्टन किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावं.

आता जे कुणी मोठ्याने विचारत नाही ते. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा तशीच नायट्रेटची रोजची गोळी चालू असेल, तर सिल्डेनाफिल, टाडालाफिल या लैंगिक ताकदीच्या गोळ्या घेऊ नका. बीपी एकदम कोसळतं आणि जीव जाऊ शकतो. सिल्डेनाफिलनंतर 24 तास आणि टाडालाफिलनंतर 48 तास सॉर्बिट्रेट धोक्याची असते. दवाखान्यात नेलं तर बरोबरच्या माणसाने हे लपवू नये. आम्ही दुकानदार रोज हेच विकतो, आम्हाला नवल वाटत नाही.

मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अचानक बंद केल्यास ठोके आणि छातीतलं दुखणं उसळू शकतं. दमा असेल तर या गोळ्या सुरू होण्याआधीच सांगा. मधुमेहींना साखर उतरल्यावर होणारी थरथर आणि धडधड या गोळ्यांनी झाकली जाते, घाम मात्र येतो, त्याकडे लक्ष ठेवा. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. टेल्मीसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोनबरोबर ते विचारूनच घ्या. एसटीच्या प्रवासात किंवा वारीत लघवीची गोळी टाळणारे पुष्कळ आहेत. टाळण्यापेक्षा वेळ पुढेमागे करता येईल का ते विचारा. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास करणाऱ्यांनी, विशेषतः डॅपाग्लिफ्लोझिन चालू असलेल्यांनी, घटस्थापनेच्या आधी डॉक्टरांना भेटावं.

पिशवी ओतली की बहुतेक वेळा एकच औषध दोन नावांनी सापडतं. टेल्मीसार्टनच्या पुढे ‘एएम’ असेल तर त्यात ॲम्लोडिपिन आहे, ‘एच’ असेल तर लघवीचं औषध. दुसऱ्या डॉक्टरांनी तेच वेगळं लिहिलं की डोस दुप्पट होतो. कात्रीने कापलेल्या चार गोळ्या घेताना नाव आणि मुदत असलेला तुकडा मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

छातीत दुखून सॉर्बिट्रेट घ्यावी लागली तर बसून घ्या, आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर 108 ला फोन करा. औषधाने त्रास झाल्याची नोंद तुम्ही स्वतः करू शकता. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाची टोल-फ्री हेल्पलाइन 1800-180-3024 आहे, कामकाजाच्या दिवशी लागते. नोंदीचा फॉर्म मराठीतही आहे, आणि तो भरायला डॉक्टरच हवेत असं नाही.